सोन्याचा दिनारही घसरतो

काही जण म्हणतात की सोन्याचे दिनार आणि चांदीचे दिरहम ही जुनी इस्लामी नाणी परत आणली की महागाईचा प्रश्नच मिटला. इतकं सोपं नाही ते. १३२४ मध्ये मालीचा राजा मन्सा मूसा हजला जाताना कैरोत थांबला आणि त्याने सोन्याची अक्षरशः उधळण केली. अरब इतिहासकार अल-उमरी नोंदवतो की मिस्काल या मापाच्या सोन्याचा भाव आधी २५ दिरहमखाली येत नसे. नंतर तो २२ च्या वर गेलाच नाही, बारा वर्षं उलटूनही!

तरी सोन्या-चांदीच्या नाण्यांचा कट्टर पुरस्कर्ता, इजिप्तचा इतिहासकार अल-मक्रीझी टाकाऊ ठरत नाही. कैरोत मुहतसिब, म्हणजे बाजाराचा निरीक्षक, राहिलेला माणूस. १४०३ च्या सुमाराच्या दुष्काळाचं खापर त्याने एकट्या नाईलवर फोडलं नाही. लाच देऊन मिळवलेली पदं, जमिनीचा चढा खंड आणि फुलूस या तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट, हे त्याचे आरोपी.

खरा पेच उधारीचा आहे. नाण्याची किंमत पडली तर कर्ज तितक्याच नगांनी फेडायचं की मूळ किमतीने? फुलूसबाबत हनफी पंथाचे कायदेपंडित अबू युसुफ यांचा कौल किमतीला. १९८८ मध्ये ओआयसी या मुस्लिम देशांच्या संघटनेच्या फिकह (इस्लामी कायदा) अकादमीने मात्र चलनाचं कर्ज महागाईच्या निर्देशांकाशी जोडायला नकार दिला. रिबाची, म्हणजे व्याजाची, बंदी सांभाळली, हे ठीक. पण महागाईत उसने देणाऱ्याने गप्प नुकसान सोसायचं, हे मला न्याय्य वाटत नाही.