मदत हवी आहे : जुना फोर्ट्रान प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर वेगळी पूरपातळी दाखवतो

नमस्कार.

मी सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जलसंपत्ती हा विषय शिकवतो. आमच्या विभागात कृष्णेच्या पुराचे गणित करणारा फोर्ट्रान ७७ मधील एक प्रोग्रॅम आहे. कराडचा विसर्ग दिला की तो मस्किंगम पद्धतीने, म्हणजे नदीच्या टप्प्यात शिरणाऱ्या पाण्यावरून बाहेर पडणारे पाणी काढत, पुराची लाट खाली आणतो आणि आयर्विन पुलाजवळची पातळी काढतो. आमच्या सरांनी, जे आता निवृत्त आहेत, तो नव्वदच्या दशकात सन वर्कस्टेशनवर लिहिला आणि ते यंत्र गेल्या दिवाळीत कायमचे बंद पडेपर्यंत तो तिथेच चालला. आता तो लिनक्सवर, जीफोर्ट्रान या कंपायलरच्या (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) १३ व्या आवृत्तीवर आणायचा आहे.

दोन अडचणी सुटल्या आहेत. एकाच सबरूटीनला (उपप्रोग्रॅमला) एका ठिकाणी इंटिजर (पूर्णांक) आणि दुसऱ्या ठिकाणी रिअल (दशांशी संख्या) पाठवलेले जीसीसी १० पासून (जीफोर्ट्रान याच कंपायलर-संचाचा भाग आहे) चालत नाही, त्यामुळे ती ठिकाणे शोधून दुरुस्त केली. सनचा प्रोसेसर मोठा बाइट आधी ठेवणारा असल्याने जुन्या विसर्गांच्या बायनरी फाइलमधून भलतेच आकडे येत होते; 'कन्व्हर्ट=बिग-एंडियन' हा पर्याय दिल्यावर ते सरळ झाले.

खरी अडचण उत्तराची आहे. चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना पुराची सर्वोच्च पातळी २००६ सालच्या, हिरव्या पट्ट्यांच्या कागदावरील प्रिंटआउटमध्ये ४६.२ फूट आहे. नव्या संगणकावर ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते फेरफार) बंद ठेवले, म्हणजे 'ओ-शून्य' दिले, तर हाच आकडा येतो. ते चालू करून 'ओ-दोन' दिले की ४३.७ फूट येतो. आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. म्हणजे हा फरक दशांशांचा नसून गावात पाणी शिरणार की नाही, एवढा आहे. त्याहून विचित्र बाब अशी की, मुख्य प्रोग्रॅममध्ये तपासणीसाठी आकडे छापणारी एक 'राइट' ओळ टाकली की 'ओ-शून्य'चे उत्तरही बदलते.

गुणाकार-बेरीज एकत्र करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनेमुळे हे होत असावे, असे एका सहकाऱ्यांचे मत पडले. 'एफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ' देऊन ती बंद करून पाहिले, तर फरक सहाव्या अंकात पडला; अडीच फुटांचा हिशेब त्यातून लागत नाही. मात्र 'नो-ऑटोमॅटिक' हा, सबरूटीनमधील व्हेरिएबले कायमच्या जागेत ठेवणारा, पर्याय 'ओ-दोन'बरोबर दिला की ४६.२ परत येतात आणि प्रिंटआउटशी ओळ न ओळ जुळते.

संबंधित सबरूटीन लहान आहे. पहिल्या वेळेला मागील बहिर्वाह, म्हणजे 'क्यूओल्ड', अंतर्वाहाएवढा धरला जातो. पुढे प्रत्येक वेळी नवा बहिर्वाह काढून तोच 'क्यूओल्ड'मध्ये ठेवला जातो. मूळ प्रोग्रॅममध्ये कराड ते सांगली हा एकच टप्पा होता. २००५ च्या महापुरानंतर त्याचे कराड–बहे, बहे–भिलवडी आणि भिलवडी–सांगली असे तीन टप्पे करण्यात आले, व प्रत्येक तासाला हे सबरूटीन तिन्ही टप्प्यांसाठी ओळीने बोलावले जाते.

'नो-ऑटोमॅटिक' लावून विषय संपवावा का, हा माझा प्रश्न आहे. पावसाळ्यापूर्वी प्रोग्रॅम चालता करायचा आहे.

प्रतिसाद १

कारण तुम्हीच लिहिले आहे. 'क्यूओल्ड' हे स्थानिक व्हेरिएबल आहे आणि त्याला 'सेव्ह' (पुढच्या वेळेपर्यंत किंमत टिकवण्याची सूचना) नाही. सनचा एफ७७ कंपायलर स्थानिक व्हेरिएबले कायमच्या जागेत ठेवत असे, म्हणून मागील किंमत टिकत होती. जीफोर्ट्रान ती स्टॅकवर, म्हणजे सबरूटीन संपताच मोकळ्या होणाऱ्या तात्पुरत्या जागेत, ठेवतो. 'ओ-शून्य'मध्ये ती जागा योगायोगाने शाबूत राहिली आणि तुमच्या 'राइट'ने ती पुसली. खात्री करायची असल्यास 'इनिट-रिअल=एसनॅन' आणि 'एफपीई-ट्रॅप=इनव्हॅलिड' हे दोन्ही पर्याय देऊन चालवा; पहिला न भरलेल्या व्हेरिएबलमध्ये अवैध आकडा ठेवतो, दुसरा तो वापरताच प्रोग्रॅम थांबवतो. प्रोग्रॅम नेमक्या त्या ओळीवर थांबेल. 'सेव्ह' लिहा, काम झाले.

प्रतिसाद २

वरील निदान बरोबर आहे, उपाय नाही. टप्पे तीन आणि 'क्यूओल्ड' एकच. 'सेव्ह' केल्यावर दुसऱ्या टप्प्याला मागील बहिर्वाह म्हणून पहिल्या टप्प्याचा आकडा मिळेल आणि पुढच्या तासाला पहिल्या टप्प्याला तिसऱ्याचा. प्रिंटआउटमधील ४६.२ याच घोटाळ्यातून आलेले असणार. मस्किंगम सूत्रातील सर्व गुणांकांची बेरीज १ असल्यामुळे केवळ सांगलीतून गेलेले एकूण पाणी मोजून ही चूक बहुधा सापडणार नाही. प्रत्येक टप्प्याचे घनफळ वेगळे मोजा, आणि तेही वाटेत कृष्णेला मिळणाऱ्या येरळा नदीचे पाणी धरून.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एसनॅन लावल्यावर प्रोग्रॅम दुसऱ्या तासाला, पहिल्याच टप्प्यात, 'क्यूओल्ड'च्या ओळीवर थांबला. त्यानंतर 'नो-ऑटोमॅटिक'सह टप्प्याटप्प्याने घनफळ मोजले. येरळा शून्य धरल्यास कराड, बहे, भिलवडी आणि सांगली येथे एकूण पाणी सारखेच आले, आणि क्षणभर मला हायसे वाटले. येरळेचा विसर्ग दिल्यावर मात्र बहे येथून गेलेले पाणी कराडहून आलेल्या पाण्यापेक्षा जास्त भरले. येरळा कृष्णेला मिळते ती ब्रह्मनाळला, बह्याच्या कितीतरी खाली. आमच्या प्रोग्रॅममध्ये तिचे पाणी उलटे वर चढत होते.

सरांचा एका टप्प्याचा प्रोग्रॅम सनवर निर्दोष चालत होता, हेही सांगितले पाहिजे. त्याचे तीन टप्पे २००६ मध्ये एम.ई. करताना मीच पाडले होते आणि 'क्यूओल्ड'कडे माझे लक्ष गेले नाही.

आता 'क्यूओल्ड' हा तीन घरांचा ॲरे करून तो मुख्य प्रोग्रॅममधूनच सबरूटीनला पाठवतो आहे. त्यामुळे 'ओ-शून्य' आणि 'ओ-दोन' यांची उत्तरे जुळतात आणि बहे येथील जादा पाणीही नाहीसे झाले. परंतु प्रत्येक टप्प्याचे के आणि एक्स (मस्किंगममधील लाटेचा प्रवासकाळ आणि अंतर्वाहाचे वजन) मी त्या वेळी चुकीच्या प्रोग्रॅमवरच जुळवले होते, त्यामुळे ती चूक त्या आकड्यांत मुरलेली आहे; ते सर्व नव्याने काढावे लागतील. माझ्याकडील भिलवडीच्या जुन्या नोंदी दिवसातून एकदाच घेतलेल्या आहेत, तर गणित तासाचे आहे. अशा नोंदींवरून मधल्या टप्प्याचा के कसा काढावा, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया लिहावे.