ग्रोथ प्रमोटर (वजनवाढीसाठी खाद्यात घालायचं) अँटिबायोटिक काढलं तर ब्रॉयलरचं गणित बसतं का?

गावरान४५: जुलै २०१९ मध्ये केंद्राने पशुखाद्यातलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक बंद केलं, पण वजनवाढीसाठी औषध द्यायची सवय काही सुटली नाही. डेन्मार्कच्या ब्रॉयलरवाल्यांनी १९९८ मध्येच हे सोडलं. एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) किंचित बिघडला, मरतूक वाढली नाही. मग आपलं घोडं कुठे अडलंय?

खाद्यगणित: डेन्मार्कचं अर्धंच सांगताय. सालिनोमायसिनसारखी कॉक्सीवरची (आतड्यातल्या परजीवीवरची) औषधं तिथे खाद्यात चालूच राहिली आणि ती क्लॉस्ट्रिडियम या आतडं सडवणाऱ्या जिवाणूलाही दाबतात. शिवाय डुकरांतही वजनवाढीची औषधं थांबली, तेव्हा दूध तोडलेल्या पिल्लांत हगवण वाढली, उपचाराला जास्त औषध लागलं. आपल्याकडे पावसाळ्यात लिटर (शेडमधलं तुसाचं अंथरूण) ओलं होतं, कॉक्सीने आतडं सोलवटलं की क्लॉस्ट्रिडियमला मोकळं रान. तिथे अँटिबायोटिकऐवजी देतात ते ओरेगॅनोचं तेल काय पुरणार!

निपलखाली: तेला-चूर्णाआधी पाणी बघा. बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असला की क्लोरीन टाकूनही काम होत नाही. आधी अ‍ॅसिडने ६ ते ६.५ वर आणा, मग शेवटच्या निपलला (पाणी प्यायच्या तोटीला) ३ ते ५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन पोचतंय का ते पट्टीने तपासा. टाकीपाशी तपासून उपयोग नाही. दोन्ही एकाच डब्यात कालवू नका, विषारी वायू सुटतो. ‘लिटरला १ मिली’ हा अ‍ॅसिडचा डोस सगळीकडे लागू नाही, जड पाणी अ‍ॅसिड गिळून टाकतं. बादलीभर पाण्यात करून बघा आणि मग डोस ठरवा. पण पीएच ४ च्या खाली गेला की पक्षी पाणी कमी पितात.

प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी जिवाणू) पाण्यातून देणार असाल तर तेवढा वेळ क्लोरीन बंद. खाद्यातून द्यायचं तर बॅसिलस सबटिलिस घ्या, त्याचे बीजाणू पेलेट (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) बनवतानाच्या ८०–८५ अंशांत टिकतात. लॅक्टोबॅसिलस तिथेच मरतो, पैसे पाण्यात.

खाद्यगणित: पाण्याचं मान्य. पण करारावरचा शेतकरी खाद्य निवडतो कुठे? कंपनीची गोणी येते, तीच फोडायची. कोटेड ब्युटिरेट (आतड्यासाठीचं आवरण दिलेलं आम्ल), प्रोटिएज (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) घालायचं की नाही हे फीडमिल ठरवते. न पचलेली सोयाची प्रथिनं आतड्यात खाली उतरली की क्लॉस्ट्रिडियमची मेजवानी, हे शेडमध्ये बसून कसं सुधारणार?

गावरान४५: लिटर तरी हातात आहे ना? मूठभर तूस दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. निपलखालचं भिजलेलं उचला, बाकीचं रोज उलथा. कॉक्सीचं बळ तिथेच कमी होतं.

खाद्यगणित: कमी होतं, संपत नाही. सालिनोमायसिनही काढायचं म्हणाल तर हॅचरीत (पिल्लं उबवतात तिथे) कॉक्सीची लस फवारावी लागेल. आणि लसीच्या बॅचला एकदम कोरडं लिटर उलट नडतं. थोडी ओल नसेल तर लसीतली जिवंत कॉक्सी विष्ठेतून पुन्हा पक्ष्यांच्या पोटात फिरत नाही, प्रतिकारशक्ती कच्ची राहते.