कंट्रोल-ए दाबलं की टर्मिनल गोठतंय, मदत हवी आहे

हर्णैकर: ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, असं सगळीकडे लिहिलंय. माझ्या टर्मिनलात, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालत नाही. लांबलचक कमांड लिहून झाली की आठवतं, सुडो (ॲडमिनच्या हक्काने चालवायला आधी लावायचा शब्द) राहिलं. मागे जाऊन सुडो लिहायला घेतो आणि सगळं ठप्प, एक अक्षर उमटत नाही. काल रात्रीपासून ४ वेळा खिडकी बंद करून परत लॉगिन केलंय. पटकन सांगा, लाइट कधीही जाईल.

गुहागर_एसटी: होम बटण दाबा ना. कशाला ती कसरत.

हर्णैकर: लॅपटॉपला वेगळं होम नाहीये.

मालवणी_मेव्हणो: अरे मेल्या, लिनक्स, मॅक की विंडोज ता सांग आधी. शेल (कमांड वाचणारो प्रोग्राम) खंयचो?

हर्णैकर: उबुंटू सर्व्हर, शेल बॅश. एसएसएचने, म्हणजे नेटवरून दूरच्या मशीनवर लॉगिन करून.

देवगड_पायरी: मी ८ वर्षं बॅशचा व्हीआय मोड (व्हीआय एडिटरसारख्या कळा) वापरतोय. एस्केप, मग शून्य, पोचलात सुरुवातीला.

गुहागर_एसटी: विचारलंय काय, सांगताय काय! बॅशमध्ये मुळात ईमॅक्स एडिटरवाल्या कळा असतात, त्याच शिकाव्यात. कंट्रोल-ई शेवटी नेतं, कंट्रोल-डब्ल्यू मागचा शब्द उडवतं, कंट्रोल-यू कर्सरच्या आधीचं सगळं. उडालेलं कंट्रोल-वायने परत.

देवगड_पायरी: ब्राउझरमधल्या टर्मिनलात कंट्रोल-डब्ल्यू दाबून बघा. अख्खा टॅब उडतो.

दाभोळखाडी: गोठतंय म्हणजे कुठूनतरी कंट्रोल-एस जातंय, त्याने अक्षरं उमटणं थांबतं. सोडवायला कंट्रोल-क्यू दाबून बघा.

हर्णैकर: नाही हलत. आणि मी एस दाबतच नाही हो, सुडोतला सोडला तर.

दाभोळखाडी: थांबा. आत स्क्रीन नावाचा प्रोग्राम (रेंज गेली तरी काम चालू ठेवणारा) चालू आहे का?

हर्णैकर: असणारच की. पावसात रेंज गेली की काम मधेच मरतं, म्हणून लॉगिन केल्या केल्या स्क्रीन लावतो. त्याचा काय संबंध?

मालवणी_मेव्हणो: घ्या! ह्या आधी सांगूक नको?

दाभोळखाडी: स्क्रीनची स्वतःची कळच कंट्रोल-ए आहे. ती बॅशपर्यंत पोचतच नाही, स्क्रीन पुढच्या अक्षराची वाट बघत बसतं. तुम्ही देता सुडोतला एस, आणि कंट्रोल-ए मग एस म्हणजे कंट्रोल-एस पाठव. सोडवायला कंट्रोल-ए, मग क्यू. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, मग नुसतं ए. रोजचा ताप नको असेल तर स्क्रीनआरसी या सेटिंगच्या फाइलीत स्क्रीनची ही कळ बदला, मी कंट्रोल-ओ ठेवलीय.

देवगड_पायरी: टीमक्स घ्या, स्क्रीनसारखाच प्रोग्राम, तिथे ही कळ कंट्रोल-बी असते.

गुहागर_एसटी: आणि बॅशमध्ये कंट्रोल-बी एक अक्षर मागे नेतं. आगीतून फुफाट्यात. त्यापेक्षा कमांड तशीच चालवा, नकार आला की सुडो आणि दोन उद्गारचिन्हं, म्हणजे मागचीच कमांड सुडोसकट.

हर्णैकर: सुटलं! क्यू दाबल्यावर ओळीच्या शेवटी 'यूडीओ' एवढंच शेपूट उमटलं. एस खरंच स्क्रीनने गिळला होता. दाभोळखाडी, आभार.

मांडवी_बंदर: खाऱ्या हवेने ए-ची कळ चिकटली असेल. माझीही तशीच झाली होती. कळ वर उचलून खाली ब्रश फिरवा, पाणी अजिबात लावू नका.