मृत्यूनंतर थायरॉईडचे आकडे: घ्यावेत की नकोत?

डिचोलीची नलू:
माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची होती. गेल्या पावसात सकाळी अंथरुणातच गेलेली सापडली. त्याआधी काही महिने वजन उतरत होतं, हात कापायचे, छाती धडधडते म्हणून रात्री उठून बसायची. शवचिकित्सा झाली. हृदयात दोष सापडला नाही, तरी अहवालात 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू'. विषाच्या शंकेने व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे तुकडे) मिठाच्या पाण्यात राखून ठेवला, पण गळ्यातली ती वीसेक ग्रॅमची थायरॉईड ग्रंथी कोणी कापूनही पाहिली नाही. थायरॉईड जास्त काम करू लागला की हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणून माझं म्हणणं: तरुण माणूस अचानक गेला आणि कारण सापडलं नाही, तर रक्तातले टी-३, टी-४ (थायरॉईडचे हार्मोन) आणि टीएसएच (मेंदूतून येणारा हार्मोन, थायरॉईड मंद झाला की चढतो, जास्त चालला की दबतो) तपासायलाच हवेत.

निवृत्त न्यायवैद्यक, पर्वरी:
नलूताई, तुमचं दुःख समजतं, तरी विरोध करतो. टी-४ मृत्यूनंतर उतरत जातो. टी-३ चा तर भरवसाच नाही. शिवाय मरणापूर्वी चार दिवस खूप आजारी असलेल्या माणसाचा टी-३, ग्रंथी निरोगी असूनही, खाली येतो. जिवंत माणसाची 'नॉर्मल' पट्टी मृतदेहाला लावून कारण लिहिलं, तर ते कोर्टात टिकणार नाही. आणि टिकू नयेच.

फोंड्याचा लॅबवाला:
डॉक्टरांशी सहमत. आमची यंत्रं स्वच्छ सीरमसाठी, म्हणजे पेशी काढलेल्या रक्ताच्या पाण्यासाठी, बनलेली. शवागारातून येणारं रक्त बहुतेक वेळा पेशी फुटून लालभडक झालेलं असतं, त्यावर तपासणीचा संच भलताच आकडा देऊ शकतो. आपल्या दमट उकाड्यात देह उशिरा सापडला तर आणखी कठीण.

साखळीचा माधव:
डॉक्टर, तुम्ही तिन्ही आकड्यांना एकाच दावणीला बांधताय. टीएसएच त्यातल्या त्यात टिकाऊ आहे. टी-४ खाली पण टीएसएच साधारण, तर तो मृत्यूनंतरचा उतार समजा. पण टीएसएच भरपूर चढलेला असेल तर? ग्रंथी आधीपासूनच मंद होती, याचा तो मोठा पुरावा आहे. तो फेकून द्यायचा?

निवृत्त न्यायवैद्यक, पर्वरी:
चढलेल्या टीएसएचबद्दल मान्य. पण नलूताईंच्या बहिणीची लक्षणं उलट्या बाजूची आहेत. तिथे टीएसएच दबलेला मिळतो, आणि गंभीर आजारही तो दाबतो. मग निवाडा कसा करणार? माझा विश्वास सूक्ष्मदर्शकावर. ग्रेव्हज आजारात, म्हणजे ग्रंथी जास्त चालते तेव्हा, कोलॉइडच्या (ग्रंथीत साठलेल्या चिकट द्रवाच्या) कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. जपानी डॉक्टर हाशिमोटोंनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या, ग्रंथी मंद करणाऱ्या आजारात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे पुंजके भरलेले असतात. रक्त घ्यायचंच तर मांडीच्या शिरेतलं घ्या, आणि आकडा या चित्राशी जुळला तरच लिहा. एकटा आकडा नको.

डिचोलीची नलू:
म्हणजे ग्रंथीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालायला तुमचा विरोध नाही ना? मिठाच्या पाण्यातला तुकडा त्या कामाचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. तरीही रक्ताची मागणी मी सोडत नाही. बहिणीची मुलगी १५ वर्षांची आहे. हे आजार घराण्यात उतरतात. तिला तपासताना डॉक्टरांनी विचारलं, "आईला नेमकं काय होतं?" मला सांगता आलं नाही. कोर्टाला नसेल, पण त्या पोरीला दबलेला टीएसएचसुद्धा उपयोगी पडला असता.

निवृत्त न्यायवैद्यक, पर्वरी:
ही बाजू माझ्या बोलण्यात आली नव्हती. तुकडा घ्यावाच, प्रत्येक वेळी. रक्ताचा नियम करण्याला अजून राजी नाही. पण लक्षणं कानावर आली असतील तर घ्यावं, असं म्हणेन. अडचण तिथेच आहे: आमच्या हाती पोलिसांचे कागद येतात, तेवढंच कळतं. १ जुलै २०२४ पासून अशा मृत्यूचा पोलीस पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतो. त्या वेळी घरच्यांनी थरथर, धडधड, उतरलेलं वजन, चालू गोळ्या, सगळं लिहून घ्यायला लावावं. तुमच्या वेळी कोणी विचारलं होतं का, ताई?

डिचोलीची नलू:
नाही. "कोणाशी भांडण होतं का," एवढंच.