मदत हवी आहे: सुरीला पाणी दिलं तरी धार टिकेना

भाता_बेळगाव
नमस्कार मंडळी. हौस म्हणून घरीच सुरी बनवालोय. सगळं व्यवस्थित केलंय, तापवली, पाणी दिलं (म्हणजे कडक व्हायला तापलेली एकदम बुडवून गार केली), धार काढली, पहिल्यांदा कागद सर्रकन कापला पण दोन-चार टोमॅटो आणि एक कांदा झाला की बोथट. परत घासली की परत तेच. रविवारी दाजी येणारेत, त्यांच्यासमोर सुरीनं दुसरं काही नाही तर माझं नाक तेवढं कापलं जाईल. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा. यूट्यूब बघ म्हणू नका, बघूनच केलंय.

उद्यमबागकर
लोखंड कुठलं?

खडेबाजार_रिटर्न
एवढा उपद्व्याप कशाला? बाजारात स्टेनलेसची चांगली सुरी मिळते, आमच्या घरी कित्येक वर्षं एकच चालू आहे.

भाता_बेळगाव
@खडेबाजार विकत घ्यायची असती तर इथं कशाला विचारलं असतं?
@उद्यमबागकर लोखंड चांगलंच आहे, गुजरीतनं, जुन्या बाजारातनं आणलंय.

उद्यमबागकर
गुजरीत मडगार्ड पण मिळतं की हो. साधी एमएसची (माइल्ड स्टील, मऊ लोखंड) पट्टी असेल तर विषय इथंच संपला, त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, लालबुंद करून कशातही बुडवा, धार धरण्याइतकी कडक होणारच नाही. पट्टी, पाटा, बेअरिंग, काय होतं ते सांगा.

भाता_बेळगाव
पाटा. टेम्पोच्या स्प्रिंगचा. एवढं कळतंय मला.

निपाणी_नाका
पाटा कशाला, आमच्याकडं एकजण स्लॅबच्या सळीची सुरी करतो, एक नंबर होते. सळी ठोकायला पण सोपी, कुठंही पडलेली मिळते.

उद्यमबागकर
सळीची सुरी दिसायला एक नंबर. कापायला नव्हे. तिच्यात पण कार्बन कमीच. पाटा म्हणजे बहुतेक ईएन ४५ (स्प्रिंगचं पोलाद) किंवा त्याच्या जवळपासचं, अर्धा टक्क्याच्या वर कार्बन, सुरीला चालतंय. आता सांगा, पाणी दिलं म्हणजे पाणीच की तेल? आणि किती तापवून?

भाता_बेळगाव
तेलात. शेंगतेल, थोडं कोमट करून. तापवली लाल होईपर्यंत.

खानापूर_लोहारसाळ
तेलाबिलाची गरज नाही. आमचे आजोबा कोयते, विळे सगळं पाण्यातच द्यायचे, एकपण तडकला नाही. पण अख्खं पातं बुडवायचं नाही, फक्त धारेची बाजू. बाहेर काढून कानशीनं धार झटकन पांढरी करायची आणि बघत बसायचं, पाठीची ऊब पुढं सरकते तसा त्या पांढऱ्यावर रंग चढतो, आधी फिकट पिवळा, मग गडद, मग तांबूस. कोयत्याला तांबूस, सुरीला पिवळा दिसला की लगेच पूर्ण बुडवायचं. त्यांना थर्मामीटर लागला नाही की ओव्हन.

उद्यमबागकर
आजोबांचा हात होता हो तो, चाळीस वर्षांचा. नवख्यानं पातळ पातं पाण्यात घातलं की टिंग आवाज येतो आणि चीर दिसते. पाट्याला तेलच. आणि 'लाल' म्हणजे काय, दुपारच्या उन्हात लाल वेगळा दिसतो, अंधारात वेगळा. लोहचुंबक लावून बघायचा, साधारण ७७० डिग्रीला चिकटायचा थांबतो, त्याच्यापेक्षा थोडं वर, ८२०-८५० ला नेऊन बुडवायचं.

खानापूर_लोहारसाळ
आजोबा साळेचा दरवाजा लावून अंधार करूनच पाणी द्यायचे. ते पण तेच झालं की, चुंबक नव्हता एवढंच.

टिळकवाडी_७७
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आर्म्स ॲक्ट १९५९ बघून ठेवा. पातं ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद झालं की लायसन्सचा प्रश्न येऊ शकतो, घरगुती आणि शेतीची हत्यारं सोडून. फोटो स्टेटसला टाकताना जरा जपून.

भाता_बेळगाव
ओ साहेब, सहा इंचाची भाजीची सुरी आहे. मुद्द्यावर या की कुणीतरी. चुंबक लावला होता, चिकटला नाही. नंतर ठिसूळपणा जावा म्हणून आईच्या ओटीजीत (ओव्हनमध्ये) २०० डिग्रीला एकेक तास दोनदा ठेवली.

मच्छे_फिटर
तेलातनं काढल्यावर कानस लावून बघितलीस काय?

भाता_बेळगाव
हो, सरकत होती, चावत नव्हती.

मच्छे_फिटर
कानस सरकली म्हणजे कडक झाली होती, मग पाणी बरोबर बसलंय, तू नंतर घालवलंस. धार कशानं काढलीस?

भाता_बेळगाव
अँगल ग्राइंडरनं, फ्लॅप डिस्क लावून. कानशीनं कोण घासत बसणार.

मच्छे_फिटर
निळी झालेली काय?

भाता_बेळगाव
टोकाकडं जरा झालेली, पॉलिश पेपरनं गेली की. आता चकाचक आहे.

मच्छे_फिटर
रंग गेला, मऊपणा कुठं जातोय. निळा म्हणजे ३०० च्या आसपास गेलं, ओटीजीतलं २०० वाया. धार पातळ असते, तिथं उष्णता जायला जागाच नाही, डिस्क जरा टेकली की संपलं. आणि नुसतं टोकच असं समजू नकोस, बाकीकडं रंग दिसायच्या आधीच तू पॉलिश मारलं असणार. आता कानस घे, अगदी धारेवर लाव आणि मग अर्धा इंच मागं लाव. धारेवर चावली आणि मागं सरकली तर परत तापवायची गरज नाही, मऊ झालंय तेवढं दगडावर पाणी घालून हातानं मागं घे. दोन्हीकडं चावली तर परत भट्टी. इथनं पुढं ग्राइंडरचं काम पाणी द्यायच्या आधी, धारेकडं रुपयाच्या नाण्याएवढी जाडी ठेवून. नंतर फक्त दगड, किंवा ग्राइंडरच पाहिजे तर उघड्या हातानं धर, ग्लोव्ह नको, आणि बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात.

उद्यमबागकर
बरोबर. मी तेच विचारणार होतो.

खानापूर_लोहारसाळ
मूठ कशाची केलीस? बाभळ लाव, फुटत नाही.

भाता_बेळगाव
@मच्छे_फिटर बघितलं. टोकाकडं दोन्हीकडं चावते, मुठीकडं मागं सरकते. म्हणजे परत भट्टी? मूठ ॲराल्डाइटनं बसवलीय, पितळेचे रिव्हेट पण ठोकलेत, ती ठेवून तापवली तर चालेल काय?

मच्छे_फिटर
चालेल, मूठ जळेल फक्त. रिव्हेट ड्रिलनं काढ.

निपाणी_नाका
म्हणून म्हणालो सळीची कर.

अनगोळ_नवीन
धागा उत्तम चाललाय. त्या पाट्याचा तुकडा उरलाय काय? मला कुदळीला पाचर ठोकायला पाहिजे होता.