मदत हवी आहे: पाच जणांची स्वस्तातली क्रूझ, खर्च नक्की किती धरायचा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची. घराला लागूनच आमचा शाळेच्या गणवेशांचा छोटा कारखाना आहे. मार्च ते जून मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं कधी कुठे गेलीच नाहीत. बोट म्हणाल तर उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो बघायला बसलो होतो, तेवढीच. यंदा मुलीने (वय 12) क्रूझचा हट्ट धरलाय आणि ह्यांनी बेसावधपणे "बघू" म्हटलंय. आमच्या घरात "बघू" म्हणजे हो, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

जाणार पाच जण: आम्ही दोघं, मुलगी, धाकटा (7) आणि सासूबाई (71). मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. जाहिरातीत माणशी 18 हजार होते, म्हणजे 90 हजार धरून मी एजंटकडे गेले. त्याने आकडा सांगितला 1 लाख 12 हजार. वरचे 22 कसले विचारलं तर म्हणे "टॅक्स वगैरे". मला या "वगैरे"चीच भीती वाटते. मुंबईचं जाणं-येणं धरून सव्वा लाखाच्या वर जायची आमची ऐपत नाही.

जेवण त्यातच आहे म्हणतात, ते सगळंच का? बिनखिडकीची खोली स्वस्त पडते, पण गुदमरायला होत नाही ना? सासूबाई माळकरी आहेत, गुडघे दुखतात, आणि एसटी घाटात शिरली की पिशवी हातात धरून बसतात. तारीख कार्तिकीनंतरचीच हवी. कार्तिकीला त्या पंढरपुरात असतात, त्यात तडजोड नाही.

त्यांनी स्वतः एकच प्रश्न विचारलाय: "बोटीवर पाणी रोज येतंय का?" हसू नका. आमच्याकडे चार-चार दिवसांनी नळ येतो, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

दोनदा_जाऊन_आलो:
ताई, आधी खोल्यांचं बघा, खरा पैसा तिथे आहे. एका केबिनमध्ये जास्तीत जास्त चार माणसं झोपतात. पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी, कारण ते वरच्या घडीच्या बर्थवर. पाच जणांना दोन केबिन लागणारच. पण चार आणि एक अशी वाटणी अजिबात करू नका. एकट्याने केबिन घेतली की जवळपास दोघांचं भाडं लावतात. दोन आणि तीन करा. मग चौघांना पूर्ण आणि पाचव्याला कमी भाडं बसायला हवं. तुमच्या एजंटाने सरसकट पाच गुणिले अठरा केलेलं दिसतंय, त्याला हे विचाराच.

आता "वगैरे". त्यात बंदराचे चार्जेस, जीएसटी आणि सेवकांची टिप, असं तीन प्रकारचं असतं. टिपेचं लेखी घ्या. काही ठिकाणी ती तिकिटातच असते, काही ठिकाणी बोटीवर रोज माणशी लावतात. आम्ही तोंडी "इन्क्लूडेड" ऐकून गेलो आणि शेवटच्या सकाळी बिलात ती निघाली.

बोटीवर नोटा चालत नाहीत. खोलीची किल्ली म्हणजे एक कार्ड, आणि खरेदीही त्याच कार्डावर. मुलांच्या हातात ते दिलंत की संपलं. बुफे आणि मोठ्या हॉलमधलं जेवण तिकिटात, चहा-नाश्ताही. कोल्ड्रिंक, मॉकटेल, मशीनची कॉफी, खास रेस्टॉरंट, वायफाय, स्पा, फोटो हे सगळं वेगळं. आमच्या दोघा पोरांनी दोन दिवसांत नऊ मॉकटेल रिचवली. हिशोब बघून मी पाच मिनिटं डेकवर वाऱ्याला उभा राहिलो. त्यांचा फोटोग्राफर तर जिन्यावर, जेवताना, कुठेही गाठतो. काढून घ्यायला पैसे नाहीत, प्रिंट हवी असेल तर आहेत. नंतर मुलं ती भिंतीवर लावलेली बघतात आणि मग तुम्ही फसता.

तुमच्या कुटुंबाला वरखर्चाला 8 हजार धरा आणि त्याचा हिशोब मुलीलाच सांभाळायला द्या. बारा वर्षांच्या मुली फार कंजूष असतात.

विमानाने_जा:
सोलापूरहून आता गोव्याला थेट विमान आहे. तासा-दीड तासाचं काम. एवढा खटाटोप करून मुंबईला जायचं, तिथून पाण्यातून गोवा, आणि परत मुंबई! गणित कळलं नाही.

दोनदा_जाऊन_आलो:
गोवाच बघायचा असेल तर तुमचं बरोबर आहे. बोट मुरगावला लागते, पणजी तिथून तीसेक किलोमीटर, आणि ठरलेल्या वेळेच्या आत परत बोटीवर यावं लागतं. बोट कुणासाठी थांबत नाही. म्हणून ताई, गोवा बोनस समजा. मी तर दुसऱ्या खेपेला खाली उतरलोच नाही. सगळे गोव्याला पळाले होते, स्विमिंग पूल रिकामा. मुलं तीन तास पाण्यात होती.

सातरस्तावाली:
मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांचे गुडघेही तसेच. लिफ्ट आहेत, पण जेवणाच्या वेळी गर्दी होते, तेव्हा दहा मिनिटं आधी निघायचं. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. लोक वरची आणि पुढची मागतात, हेलकावा नेमका तिथेच जास्त. उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, बोट सुटायच्या आधी घ्यायची. कोणती ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, एकाहत्तर वय आहे. त्रास वाटला तर केबिनमध्ये पडून राहू देऊ नका. डेकवर आणून समोर लांब क्षितिजाकडे बघायला सांगा.

बिनखिडकीच्या खोलीत गुदमरत नाही, एसी असतो. पण काळोख म्हणजे ठार काळोख. आमचा धाकटा रात्री तीनला उठून बूट घालून दारात उभा, म्हणे शाळेची रिक्षा आली असेल. बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडं ठेवायचं. मी असं सुचवेन: आजी आणि नात खिडकीच्या केबिनमध्ये, तुम्ही तिघं आतल्या. खिडकीचे पैसे वाढतात, पण म्हातारं माणूस दुपारभर तिथे समुद्र बघत बसतं. आमच्या सासूबाईंनी पूर्ण हरिपाठ तिथे म्हटला.

शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी सोय होती. उपवासाचं मात्र बुकिंग करतानाच विचारा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. माझी शेंगाचटणीची पुडी स्कॅनरवर दिसली. त्या मुलाने पुडी उघडून वास घेतला, हसला, आणि बाजूच्या टेबलावर ठेवली. कडक भाकरीही तिथेच राहिली. इस्त्री आणि पाणी तापवायची किटलीही नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

आणि हो, मोठ्या बॅगा बंदरावरच त्यांच्या ताब्यात जातात, केबिनच्या दारात पोचायला संध्याकाळ होते. गोळ्या, मुलांचे पोहायचे कपडे, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. मुलांचंही आधार लागतं.

इंजिनरूमचा_माणूस:
मी मालवाहू जहाजांवर बावीस वर्षं काढली, आता विजापूर रोडला घरी बसून धागे वाचतो. आजींच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. बोटीवर पाणी चोवीस तास, गरम आणि गार. जहाज समुद्राचंच पाणी घेऊन त्यातलं मीठ काढतं, एक तर उकळून वाफ थंड करून, नाहीतर दाबाने पडद्यातून गाळून. त्यांना सांगा, उजनीचा पाइप फुटायची भीती नाही.

दुसरी गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील. संडासचं बटण दाबलं की मोठ्ठा सूं आवाज होतो. हवेने ओढून घेतात, पाणी अगदी थोडं. त्यात टॉयलेट पेपरशिवाय दुसरं काही टाकायचं नाही, अख्ख्या ओळीतले संडास तुंबतात.

सुटायच्या वेळी सगळ्यांना आपापल्या जागी जमवून लाइफ जॅकेटची कवायत करून घेतात. लोक ती टाळायला बघतात. टाळू नका. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येकांची कवायत झालेलीच नव्हती. 2015 पासून नियमच झाला की कवायत सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी व्हायलाच हवी.

कार्तिकीनंतरचा काळ उत्तम. अरबी समुद्र खवळतो तो जून ते सप्टेंबर. नोव्हेंबर अखेरीस बऱ्याचदा ताटातल्या पाण्यासारखा असतो. दिवाळीच्या सुट्टीत भाडंही चढं असतं, ते तुमचं आपोआप वाचेल. शनिवार-रविवार टाळता आला तर आणखी बरं.

कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस बोटीवर जाणार असाल तर ती 1990 ची बांधणी आहे, पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होती. त्या काळच्या बोटींच्या केबिन लहानच. जाहिरातीतले अजस्र पाण्याचे घसरगुंडी-पार्क मनात धरून जाल तर मुलं हिरमुसतील.

भाऊचा_धक्का:
माझे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने जायचे. डेकवर पथारी, डब्यात भाकरी, रात्रभर गप्पा. आता भाकरीच आत नेऊ देत नाहीत म्हणजे कमाल आहे!

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटकडे परत गेले आणि तिथेच बसून राहिले. त्याने खरंच चार आणि एक धरलं होतं, आणि वर पाचही जणांना पूर्ण भाडं! दोन आणि तीन केल्यावर, खिडकीची एक केबिन धरूनसुद्धा, टिपेसकट 1 लाख 6 हजारांवर आला. कागदावर लिहून घेतलं. बंदराचं, जीएसटीचं, टिपेचं, तिन्ही वेगळं.

एक राहिलं. सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसने उतरल्यावर बंदरावर जायच्या वेळेपर्यंत म्हातारं माणूस घेऊन कुठे बसायचं?

सातरस्तावाली:
सीएसएमटीलाच वेटिंग रूममध्ये अंघोळी-नाश्ता उरका. बोट सुटते ते बॅलार्ड पिअर तिथून जेमतेम दीड किलोमीटर. जवळचं भाडं म्हणून टॅक्सीवाले कुरकुरतात, सामान दाखवा म्हणजे येतात. परतीला दुपारची वंदे भारत मिळते, पण आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढा वार बघून घ्या.

धागाकर्ती:
आज जायची तिकिटं काढली. तीन कन्फर्म, दोन आरएसी. सासूबाईंना पाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग एक हंडा भरून आणता येईल का बघ."