गिंप ३.० मध्ये जुनं प्लगइन

गिंप या चित्र-संपादन प्रोग्रॅममध्ये प्लगइनची (जादा सोय जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) जुनी पायथन फाइल नव्या प्लगइन फोल्डरात टाकली की काम झालं, हे आवृत्ती २.८ वरून २.१० वर जाताना बऱ्याचदा खपून गेलं. ३.० ला मात्र नाही. तिथे पायथन २ आणि गिंपफू (पायथन प्लगइन गिंपला जोडणारं जुनं मॉड्यूल) दोन्ही गेले, त्यामुळे नोंदणीचा, म्हणजे प्लगइनची गिंपला ओळख करून देणारा, भाग नव्यानेच लिहावा लागतो.

पण माझी संध्याकाळ वाया गेली ती वेगळ्याच कारणाने. कोड नीट बदलला होता, तरी मेनूत काहीच दिसेना, एररही नाही! शेवटी टर्मिनलमधून गिंप सुरू केलं तेव्हा कळलं, की प्लगइन आता स्वतःच्या उपफोल्डरात लागतं, आणि फोल्डरचं नाव फाइलच्याच नावाचं हवं. लिनक्सवर फाइलला एक्झिक्यूट (चालवण्याची) परवानगीही द्या, तीही हमखास राहते.